सिंदेवाही ६१७४ला पोहोचते का?

दोस्तांनो, वही-पेन्सिल घेऊन बसा. आजचा मजकूर नुसता वाचायचा नाही, करून बघायचा आहे. आई-बाबा जवळपास असतील तर त्यांच्याही हातात एकेक कागद द्या. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर मात्र आज बंद. वजाबाकी हातानं करायची, हातचे घेत घेत.

जुलैचा महिना होता. आमच्या सिंदेवाहीकडे पाऊस नीट लागला, बांध्यांमध्ये पाणी साचलं, की धानाची रोवणी सुरू होते. आणि रोवणी सुरू झाली की वर्गातली बाकं रिकामी दिसायला लागतात. उपटलेले पऱ्हे काही कोणासाठी थांबत नाहीत, गणिताचा धडा थांबतो. अशाच एका दिवशी मी ओळखीच्या सरांच्या सहावीच्या वर्गात गेलो होतो. हजर पोरं होती सत्तावीस. "नवा धडा घेतला तर बाकीची मागे पडतील. आज तुम्हीच काहीतरी गंमत दाखवा," असं म्हणून सरांनी खडू माझ्या हातात दिला.

मी फळ्यावर एकच आकडा लिहिला. ६१७४.

"हा आकडा म्हणजे एक गाव आहे समजा. तुम्ही कुठूनही निघा, शेवटी याच गावाला येऊन पोहोचता."

पोरं माझ्याकडे संशयानं बघायला लागली. मग मी नियम सांगितला. तुम्हीही ऐका. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. म्हणजे २२२२ किंवा ७७७७ चालणार नाही. त्या चार अंकांपासून सर्वांत मोठी संख्या तयार करा, मग सर्वांत लहान संख्या तयार करा, आणि मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्या अंकांशी पुन्हा तेच करा. पुन्हा उत्तर, पुन्हा तेच.

फळ्यावर आम्ही १९४७ घेतलं. आपल्या स्वातंत्र्याचं साल, लक्षात ठेवायला सोपं.

९७४१ − १४७९ = ८२६२
८६२२ − २२६८ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

"आता पुढे?" मी विचारलं. एकानं पटकन केलं. ७६४१ − १४६७ = ६१७४. पुन्हा ६१७४! एकदा त्या गावात शिरलं की बाहेर पडायची वाटच नाही.

मग काय, वर्गात नुसती खरडपट्टी चालू झाली. (वह्यांवरची, माझी नव्हे.) कोणी जन्मसाल घेतलं, कोणी बाबांच्या गाडीचा नंबर घेतला. "आलं जी!" "मायंही आलं!" असा गलका सुरू झाला. एकजण चार पायऱ्यांत पोहोचला, त्याच्या शेजारच्याला सात लागल्या, आणि जास्त पायऱ्या लागल्या म्हणून तोच जास्त खूश.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिनं आपल्या गावाचा पिनकोड घेतला होता. सिंदेवाहीचा पिनकोड ४४१२२२. त्यातले शेवटचे चार अंक, १२२२.

"सर, आपलं गाव काही येऊन नाही राहिलं जी. शून्य आलं."

वर्ग खो खो हसला. मीही, खरं सांगतो, घाईतच होतो. तिची वही न बघताच म्हणालो, "वजाबाकी पुन्हा तपास बरं." तिनं तपासली. पुन्हा उभी राहिली. "बरोबरच आहे, सर. या, पाहा." मग मी बाकाजवळ गेलो. वहीत लिहिलं होतं :

२२२१ − १२२२ = ९९९
९९९ − ९९९ = ०

वजाबाकीत काही चूक नव्हती. ९९९ मध्ये तिन्ही अंक नऊच. मोठी संख्या ९९९, लहान संख्याही ९९९, आणि उत्तर शून्य. पोरीनं माझा नियम जसा ऐकला तसाच पाळला होता. अपुरा होता तो माझा नियम. एक गोष्ट सांगायची माझीच राहून गेली होती.

ती अशी. आपला खेळ चार अंकांचा आहे. उत्तर तीन अंकी आलं, तरी हजाराची जागा मोडीत काढायची नाही. तिथे शून्य मांडायचा आणि त्यालाही खेळात घ्यायचं. म्हणजे ९९९ नव्हे, ०९९९. आता अंक झाले ९, ९, ९ आणि ०. फळ्यावर तिलाच बोलावलं. तिनं लिहिलं :

९९९० − ०९९९ = ८९९१
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पिनकोडपासून मोजलं तर पाच पायऱ्या. सिंदेवाही पोहोचली! टाळ्या पडल्या. मघाशी जी सगळ्यात जोरात हसली होती, तीच आता सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होती.

पण ही मुलगी खाली बसेना. "सर, हे कोणी शोधलं?"

हे सांगायला मला नेहमीच आवडतं, कारण शोधणारा आपल्याच महाराष्ट्रातला एक शाळामास्तर होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवलं. ना विद्यापीठातली मोठी खुर्ची, ना प्रयोगशाळा. संख्या घ्यायच्या, उलटायच्या, वजा करायच्या, वर्ग करायचे आणि त्यात काय दडलंय ते बघत बसायचं, हाच त्यांचा नाद. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ची ही गोष्ट मांडली आणि १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकी नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकी लेखकानं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. १९८६ मध्ये ते गेले. आज जगात कुठेही ६१७४ला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

त्यांनी आणखीही काही संख्यांना नावं दिली. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भागली जाते, ती 'हर्षद' संख्या. हर्षद म्हणजे आनंद देणारी. बघा, ६ + १ + ७ + ४ = १८. आणि ६१७४ला १८ने भागलं की येतात ३४३, बाकी शून्य. म्हणजे ६१७४ स्वतःच हर्षद आहे! शिवाय ३४३ म्हणजे ७ × ७ × ७. आणि त्या अठराचं अजून एक. १८, १८चा वर्ग ३२४ आणि १८चा घन ५८३२ यांची बेरीज करून पाहा. मी उत्तर सांगत नाही.

हे सगळं मी रंगात येऊन सांगत होतो. मुलगी मात्र आपल्याच विचारात होती. "पण सर, सगळे आकडे कोणी करून पाहिले काय? एखादा राहिला असंल तर?"

आता आली का पंचाईत! मघाशी सिंदेवाही 'राहिली' होतीच की. वर्गातल्या सत्तावीस संख्या पोहोचल्या म्हणून सगळ्याच पोहोचतील असं थोडंच आहे? १००० पासून ९९९९ पर्यंत ९००० संख्या. त्यातून सारख्या अंकांच्या नऊ वगळल्या, तरी उरतात ८९९१. पावसाळाभर बसलो तरी पोरं वैतागतील. पण गणितात अशा वेळी एक युक्ती असते. सगळं ओझं उचलायच्या आधी, त्यातलं खरंच किती उचलायला लागतं ते बघायचं.

पुन्हा १९४७कडे जाऊ. मोठी संख्या ९७४१, लहान १४७९. यातला ९ बघा. मोठ्या संख्येत तो हजाराच्या जागी आहे, म्हणून त्याची किंमत ९०००. लहान संख्येत तो एककात जातो, तिथे किंमत नुसती ९. वजाबाकीत त्या ९मुळे आपल्याला मिळतात ९ × ९९९. आता १ बघा. त्याचं उलटं. मोठ्या संख्येत तो १, लहान संख्येत तो १०००. म्हणजे १ × ९९९ गेले. दोन्ही मिळून उरले (९ − १) × ९९९, म्हणजे ८ × ९९९ = ७९९२. मधल्या दोघांचंही तसंच. ७ हा ७०० चा ७० होतो, ४ हा ४० चा ४०० होतो. तिथे उरले (७ − ४) × ९०, म्हणजे २७०. बेरीज करा. ७९९२ + २७० = ८२६२. मघाचं उत्तर आलं की नाही?

म्हणजे उत्तर ठरतं ते फक्त दोन फरकांवर. अंक उतरत्या क्रमानं मांडले की कडेच्या दोन अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. अंक स्वतः कोणते आहेत याच्याशी काही देणंघेणं नाही. ८, ६, ३, ० हे वेगळेच अंक घ्या. कडेचा फरक ८, मधला ३. आणि ८६३० − ०३६८ करून बघा, येतात तेच ८२६२.

(आणखी एक. ९९९ही नऊच्या पाढ्यातला, ९०ही नऊच्या पाढ्यातला. म्हणून या खेळातल्या प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पाढ्यात यायलाच हवी. नाही आली, तर हातचा घ्यायला विसरलात असं समजा. ही खूण पुढे आम्हाला कामाला आली.)

आता असे फरकांचे जोड किती? कडेचा फरक १ ते ९ यांपैकी काही असेल. मधला फरक कडेच्या फरकापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण मधले अंक कडेच्या दोघांच्या मध्येच बसलेले असतात. कडेचा फरक १ असेल तर मधला ० किंवा १, म्हणजे दोन प्रकार. कडेचा २ असेल तर तीन प्रकार. असं करत करत कडेचा ९ असेल तेव्हा दहा. २ + ३ + ४ + ५ + ६ + ७ + ८ + ९ + १० = ५४.

८९९१ संख्या असोत की किती, पहिल्या वजाबाकीनंतर त्या सगळ्या फक्त चोपन्न संख्यांपैकी एकीवर येतात! ते चोपन्न पोहोचले की सगळे पोहोचले. आणि वर्गात पोरं किती? सत्तावीस. प्रत्येकाच्या वाट्याला दोन.

यानंतरचा तास मी तरी विसरणार नाही. फळ्यावर चोपन्न संख्यांची यादी केली आणि वाटून दिली. खरं तर त्यातही जुळी भावंडं आहेत. अंक तेच, जागा फक्त बदललेल्या. ती काढली तर तीसच उरतात. पण मी काही बोललो नाही. कोणाला काम मिळालं नाही तर तो रुसला असता. दहा मिनिटांत एकेक जण येऊन आपल्या संख्येपुढे बरोबरची खूण करू लागला. एका मुलाची गाडी मात्र अडली. त्याची आठ-नऊ पायऱ्या झाल्या तरी ६१७४ येईना. मघाच्या मुलीनं त्याची वही ओढली आणि ओळीओळीनं अंकांची बेरीज करत गेली. एका ठिकाणी त्यानं ८७२१ − १२७८ = ७५४३ लिहिलं होतं. "सात नि पाच बारा, चार सोळा, तीन एकोनीस. एकोनीस नाही येत नवाच्या पाढ्यात. हातचा काहून नाही घेतला रे?" उत्तर हवं होतं ७४४३. तिथून पुढे त्याचीही गाडी रुळावर आली.

खिचडीची घंटा झाली तेव्हा चोपन्नच्या चोपन्न खुणा फळ्यावर होत्या. एकही संख्या वाट चुकली नाही.

आणि कोणालाच सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. १००० ते ९९९९ मधल्या संख्यांचा पुरा हिशेब असा आहे. एका पायरीत पोहोचणाऱ्या ३५६, दोन पायऱ्यांत ५१९, तीन पायऱ्यांत २१२४, चार पायऱ्यांत ११२४, पाच पायऱ्यांत १३७९, सहा पायऱ्यांत १५०८ आणि पुऱ्या सात पायऱ्या चढणाऱ्या १९८०. यात ६१७४ स्वतः, म्हणजे शून्य पायऱ्यांची एक, मिळवा आणि बेरीज ८९९१ येते का बघा. आली नाही तर मला नव्हे, आपल्या बेरजेला दोष द्या.

जेवणानंतर पोरांना आता पिनकोडचंच वेड लागलं. जाता जाता सांगतो, १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला, आणि तो ज्यांनी आखला ते टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूसच, आणि संस्कृतचे कवी. तर आता गावागावांची शर्यत लागली. गडचिरोलीचा ४४२६०५, शेवटचे चार अंक २६०५. ते तीनच पायऱ्यांत पोहोचलं. मूलचा ४४१२२४, सहा पायऱ्या. नागभीडच्या ४४१२०५ला आणि ब्रह्मपुरीच्या ४४१२०६ला सात-सात. मामा नागभीडला राहतो असं सांगणारा एकजण एवढा ऐटीत फिरत होता, जणू मामानंच सात पायऱ्या बांधल्या.

मग जिल्ह्याचं ठिकाण. चंद्रपूर, ४४२४०१. शेवटचे चार अंक २४०१.

४२१० − ०१२४ = ४०८६
८६४० − ०४६८ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

इथेही सात. मघाशी एकाची गाडी जिथे अडली होती, ती वजाबाकी यात सापडली का?

आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, कापरेकर सरांच्या देवळालीचा पिनकोड काय? देवळाली कॅम्पचा पिनकोड ४२२४०१. शेवटचे चार अंक २४०१. म्हणजे चंद्रपूरचे आणि देवळालीचे शेवटचे चार अंक अगदी तेच! योगायोगच आहे, दुसरं काही नाही. पण वर्गात त्यावर जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

निघताना मी छत्री उघडत होतो तर ती मुलगी मागून आली. हातात वही. "सर, मी पुरा पिनकोड घेतला जी. सहाच्या सहा अंक."

हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिथेच व्हरांड्यात उभं राहून पाहिलं. ४४१२२२ पासून तिनं सुरुवात केली होती. ४४२२२१ − १२२२४४ = ३१९९७७. मग ८५९९३२, ७६२६३३, ५३२६६५, ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४. मग ४२०८७६. तिथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि त्यानंतर...

"पुन्हा ४२०८७६," ती म्हणाली. "मग पुन्हा तेच सात. हे तर जत्रेतला पाळणा आहे, सर. फिरूनच राहिला."

सहा अंकांचा खेळ असाच आहे. काही संख्या ५४९९४५ वर जाऊन थांबतात, काही ६३१७६४ वर. आणि काही या सात खुर्च्यांच्या पाळण्यात बसतात, त्या कायमच्या. आमची सिंदेवाही पाळण्यात बसली.

आता तुमची पाळी. आपल्या गावाच्या पिनकोडचे शेवटचे चार अंक घ्या आणि किती पायऱ्या लागतात ते मोजा. मग सहाच्या सहा अंक घेऊन बघा, गाव थांबतं की पाळण्यात बसतं. लहान भावंडांसाठी सोपा खेळ तीन अंकांचा. तिथेही एक 'गाव' आहे, सगळ्या तीन अंकी संख्या तिथेच जातात (तिन्ही अंक सारखे असलेल्या सोडून). ते कोणतं, हे शोधून कळवा. उत्तर आलं ९९, तर आधी ०९९ लिहा आणि मगच पुढे जा.